एकविसाव्या वचनानंतर

दुपारी पावणेतीनला बाबांनी चौथ्यांदा सांगितलं, की आज उपासनेत ते भाकर-पेल्याचं प्रभुभोजन देणार नाहीत. ताईने त्यांच्या उपासनेच्या झग्यावरची इस्त्री उचलून उभी ठेवली. रागाच्या भरात इस्त्री तशीच राहिली असती तर झगा जळला असता, आणि आजच्या दिवसात भांडायला आणखी एक विषय मिळाला असता.

बाबा स्वयंपाकघरातल्या मेजाशी बसले होते, हात मेजाखाली. गेले आठ महिने ते हात असेच कुठेतरी ठेवत असत, कधी खिशात, कधी पुस्तकाखाली, कधी एकमेकांत घट्ट अडकवून. थरथर त्याने लपत नव्हती. मेज हलत होतं आणि बशीतला चमचा बारीक किणकिणत होता.

“पाचला मंडळी येईल,” ताई म्हणाली. “एकशे चाळीस माणसं. तुमची शेवटची उपासना म्हणून येतायत. त्यांना काय सांगू?”

“खरं सांग.”

“म्हणजे काय?”

“पाळकाच्या हाताला व्यंग आलंय. व्यंग असलेल्याने याजकाचं काम करायचं नाही.”

हेच त्यांनी सकाळी नाश्त्याला सांगितलं होतं, मग न्हाणीघराच्या दारातून, मग दादाला फोनवर. ताई तीस वर्षं नर्स होती. हट्टी म्हातारे तिने वॉर्डच्या वॉर्ड सांभाळले होते. तिथे एक सोय असते, फारच झालं तर पेशंटच्या मुलांना बोलावून घेता येतं. इथे मूल तीच होती.

दोष एका पेल्याचा होता. सकाळी बाबांनी दार लावून घेऊन रिकाम्या प्रभुभोजनाच्या पेल्यात पाणी ओतलं आणि तो दोन्ही हातांनी उचलून खोलीतून चालून पाहिलं. निम्मं पाणी चटईवर गेलं. पेला ठेवून ते आपलं लहान शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसले आणि तासाभराने बाहेर आले ते हा निर्णय घेऊनच. पहिला महायाजक अहरोन, त्याच्या वंशातल्या ज्या माणसाच्या अंगाला व्यंग आहे, त्याने अर्पण घेऊन पुढे यायचं नाही. तिथे सगळी यादीच आहे, आंधळा, लंगडा, पाय मोडलेला, हात मोडलेला.

तीनला दादा आला, हातात औषधाची डबी. दादाचं औषधांचं दुकान होतं आणि तो घरातल्या माणसांशीही काउंटरमागून बोलल्यासारखा बोलायचा. मात्रा किती, वेळ कोणती, पोट रिकामं आहे की भरलेलं. बाबांच्या हाताची थरथर त्याने घड्याळ लावून मोजली होती, सेकंदाला पाच. साडेतीनला गोळी घेतली तर साडेचारला हात बराचसा स्थिर होईल आणि साडेसहापर्यंत तसा राहील. उपासना आटोपायला तेवढं पुरे होतं. यात धर्माचा प्रश्न कुठे येतो हे त्याला कळत नव्हतं, आणि तसं त्याने सांगितलं.

“गोळीने थरथर थांबते,” बाबा म्हणाले. “व्यंग थांबत नाही.”

दादाबरोबर आलेली वहिनी फुलं लावायची म्हणून बादली शोधत होती. ती खाली वाकूनच म्हणाली, “बाबा, हा नियम बोकडाला होता ना? बिनव्यंगाचा बोकड?”

“दोघांनाही होता. बोकडालाही आणि याजकालाही.”

“म्हणजे तुम्हाला यांतलं काय समजायचं?”

एरवी बाबा हसले असते. वहिनीच्या असल्या प्रश्नांवरच त्यांनी तिला तीस वर्षं डोक्यावर घेतलं होतं. आज त्यांनी नुसता चमचा बशीतून काढून मेजावर ठेवला. मग तो मेजावर वाजायला लागला.

शेजारच्या मंडळीच्या पाळकांना बोलवावं असं दादाने सुचवलं. ताईने ते सकाळीच करून पाहिलं होतं, त्यांच्याकडे लग्न होतं. नवे पाळक पुढच्या आठवड्यात येणार होते. मंडळीचा वडील, म्हणजे निवडलेला पंच, म्हणून दादानेच द्यावं, असं मग बाबांनी सुचवलं. दादा म्हणाला, की मी फक्त ताट-पेला धरतो, माझी पाळकाची दीक्षा झालेली नाही, आणि नियमांचं एवढं वेड आहे तर हा नियम का मोडायचा? यावर बाबा, दादा आणि ताई तिघंही एकदम बोलायला लागली. खिडकीत गार व्हायला ठेवलेल्या प्रभुभोजनाच्या भाकरीवरचं कापड वाऱ्याने घसरून खाली पडलं, ते कुणी उचललं नाही.

बाबा सारखे त्या एकाच अध्यायाकडे जात होते, आणि त्याचं नाव निघालं की बाकीचे गप्प होत होते. ‘हात मोडलेला’ हे शब्द या घरात याआधी एकाच माणसासाठी वाचले गेले होते. ताईला बाबांची अडचण आता स्वच्छ दिसली आणि त्यामुळे तिचा राग आणखी वाढला. नियम खरा असेल तर बाबांनी आज प्रभूच्या मेजापाशी उभं राहायचं नाही. नियम खरा नसेल, तर एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या मुलाला, बाळला, तिथून बाजूला का केलं? दोन्हींतलं दुसरं मान्य करण्यापेक्षा त्यांना पहिलं सोपं वाटत होतं.

बाहेर खडीवर सायकलचा आवाज आला. बाळ पुस्तक घेऊन आला होता.

*

बाळ त्रेपन्न वर्षांचा होता. डोक्याचे केस पांढरे झाले होते, तरी धाकटा म्हणून घरात नाव तेच राहिलं. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधली तीन बोटं नाहीत. ती छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनखाली गेली, तो बावीस वर्षांचा असताना. नंतर डाव्या हाताने शिकून तो बाइंडर झाला. त्याच्या दुकानात खळीचा आंबूस वास असायचा आणि त्याच्या कपड्यांनाही.

घरचं मोठं शास्त्र ताईनेच महिन्यापूर्वी त्याच्याकडे पोचवलं होतं. आजोबांच्या वेळचं, पाठ उखडलेलं. शेवटच्या उपासनेला बाबांना त्यातून वाचायचं होतं. बाळने जुन्या खळीवर ओला फडका ठेवून पाठ सोडवली, सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटे केले, आणि शिवण्याआधी पानं क्रमाने आहेत की नाही ते पाहायला बसला. पुस्तक बांधणाऱ्याला ते वाचावं लागत नाही. पान पुढे-मागे नाही ना, एवढंच बघायचं असतं. पण या पुस्तकाच्या समासात आजोबांच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या.

रविवार सोडून रोज संध्याकाळच्या घरच्या उपासनेत किती वाचायचं ते आजोबांनी ठरवून ठेवलं होतं. सुरुवातीला उभी रेघ, शेवटी आडवी. वर्ष संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बाबांनीही तेच चालवलं. बाप वाचणार, आडव्या रेघेशी थांबणार, आणि घरातल्या सगळ्यांत धाकट्याने आमेन म्हणायचं. त्याने म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. लहानपणी बाळने या हक्कापायी सगळ्यांना पाय बधिर होईपर्यंत बसवून ठेवलं होतं.

हाताचं बँडेज निघालं त्या आठवड्यात याजकांच्या नियमांचा तो अध्याय आला. बाबांनी यादी वाचली, व्यंग असलेल्याने जवळ यायचं नाही हे एकविसावं वचन वाचलं आणि थांबले. पाळकाच्या मुलांनी भाकरीचं ताट आणि पेला धरायचा, ही या घराची रीत होती. पेला दादाकडे होता, ताट बाळकडे. त्या रविवारी ताटाचं काय करायचं हे अजून कुणी बोललं नव्हतं. आता बोलायची गरज राहिली नाही. बाळ आमेन न म्हणता उठून गेला. बाकीचे पाव तास तसेच बसले होते, असं ताईने त्याला नंतर सांगितलं. शेवटी आईने तिला खूण केली आणि तिने आमेन म्हटलं. तेव्हापासून बाळ मंडळीत यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, आणि भाकर पुढे आली की बाहेर जाऊन उभा राहायचा.

पुढची वचनं त्याने दहा-अकरा वर्षांनी वाचली, कुणाचं तरी शास्त्र बांधताना. व्यंग असलेला अर्पण करणार नाही. पण देवाची भाकर त्याने खावी, पवित्रही खावी आणि परमपवित्रही. तेव्हा त्याला वाटलं, आपणच गाढव. भाकर आपल्याला कुणी नाकारली नव्हती. बाबांचा भाग तिथे संपत होता म्हणून ते थांबले, आणि आपण अर्ध्यावर रुसून उठलो. परत यायला तेवढं कारण पुरेसं होतं. पण दहा वर्षं बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला आत यायला कुणीतरी ‘ये’ म्हणावं लागतं, आणि तसं कुणी म्हटलं नाही.

आणि आता गेल्या महिन्यात ते पान हातात आलं. आडवी रेघ एकविसाव्या वचनाखाली होती, पण ती बारीक होती. आजोबा रेघ ओढायचे ती दाबून, कागदात रुतेल अशी. ही कडक शिशाच्या, टोक काढलेल्या पेन्सिलीची होती, बाबांच्या. बाळने पान टेबलाच्या कडेला आडव्या उजेडात धरलं. अध्याय संपतो तिथे, चोविसाव्या वचनाखाली, शिसं नसलेली एक खोल खाच होती. आजोबांची रेघ तिथे होती. ती कुणीतरी खोडली होती.

त्याने घाई केली नाही. अध्याय लांब वाटला म्हणून बाबांनी आणखीही कुठे रेघ हलवली असेल. तसं असेल तर याला काही अर्थ नाही. म्हणून त्याने दोन रात्री घालवून सगळं पुस्तक तपासलं. आडव्या रेघा तीनशे बारा. हललेली एक.

आता तो पुस्तक तपकिरी कागदात गुंडाळून खडीवर उभा होता आणि दादा त्याला कोपरापाशी धरून भिंतीच्या आडोशाला घेऊन गेला होता. दादाने झालेला सगळा प्रकार भराभर सांगितला, गोळीची वेळही सांगितली, आणि मग मुद्द्यावर आला. बाबा कुणाचं ऐकत नाहीत. बाळने सांगितलं तर ऐकतील. त्याने आत जाऊन एवढंच म्हणायचं, की तो नियम जुना झाला, मी मनावर घेतलेलं नाही, तुम्ही खुशाल द्या.

“म्हणजे बाहेर काढलेल्यानेच दाखला द्यायचा?”

“तू शब्दांत पकडू नकोस. वीस मिनिटांत गोळी पोटात गेली पाहिजे.”

“दादा, एकतीस वर्षं ताट आणि पेला दोन्ही तूच धरतोस. जड होत नाही?”

दादाचा चेहरा पडला. मला कुणी विचारलं नव्हतं, तो म्हणाला. ताट हातात दिलं, मी धरलं. मी काय करायला हवं होतं? बाळ म्हणाला, की ताट घेताना ‘बाळ कुठे आहे’ एवढं मोठ्याने विचारायला हवं होतं. यावर दादाने घड्याळ पाहिलं.

इतक्यात ताई आली आणि दोघांवर एकदमच घसरली. तिकडे ते बसलेत, इकडे तुम्ही, आणि फुलं लावायला बादली सापडत नाही. बाळने जे काही साठवून आणलं असेल ते आज काढू नये. उद्या काढावं, परवा काढावं, आज नाही. बाळने कागद सोडला, पान काढलं आणि पुस्तक उन्हात तिरकं धरलं. नर्सला खुणा वाचायची सवय असते. ताईने बोट त्या खाचेवरून फिरवलं, मग वरच्या रेघेवरून. मग ती तीन वचनं वाचली. नियमांचं पुस्तक आपणहून कोण वाचतं? ती या घरात पंचावन्न वर्षं रोज संध्याकाळी बसली होती आणि ही वचनं तिने त्यांतली निम्म्याहून जास्त वर्षं ऐकली नव्हती; लहानपणी ऐकलेली केव्हाच विसरली होती.

“चल आत,” ती म्हणाली. “त्यांना दाखव.”

“आत्ताच तर आज नको म्हणालीस.”

“आत्ता मला माहीत नव्हतं.”

दादा मध्ये आला. म्हाताऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी असं कोंडीत पकडायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ताईने त्याला विचारलं, की कोंडीत कोण कुणाला धरून बसलंय सकाळपासून? ती पुढे झाली. बाळ तिच्यामागे गेला आणि दादा त्याच्यामागे, अजून बोलत.

*

बाबांनी त्यांना खिडकीतून पाहिलं होतं. तिघं एका पुस्तकावर वाकली होती, आणि ताईचं बोट पानावरून खाली सरकत थांबलं होतं. कुठे थांबलं असेल, हे त्यांना इतक्या लांबून कळलं.

याजकाच्या पोशाखावर त्यांनी चाळीस वर्षांत किती प्रवचनं दिली असतील. दोन्ही खांद्यांवर दोन रत्नं, एकेकावर इस्राएलच्या सहा-सहा वंशांची नावं कोरलेली. छातीवर पुन्हा बारा रत्नं, बारा नावं. याजक आत जातो तो एकटा जात नाही, सगळ्यांची नावं घेऊन जातो, असं ते सांगत. मंडळीतल्या एकशे चाळीस माणसांची नावं त्यांना पाठ होती, कुणाचा गुडघा दुखतो तेही पाठ होतं. स्वतःच्या घरातलं एक नाव त्यांनी खाली उतरवून ठेवलं होतं.

आणि अहरोन तरी कोण होता? लोकांनी मागितलं म्हणून सोन्याचं वासरू ओतून दिलं त्याने, आणि विचारल्यावर म्हणाला, मी सोनं आगीत टाकलं, हे वासरू आपोआप बाहेर आलं. याहून वाईट सबब त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. त्याच माणसाच्या डोक्यावर पुढे अभिषेकाचं तेल ओतलं गेलं. हे सांगताना ते नेहमी म्हणत, याला कृपा म्हणतात. लोक माना डोलावत. तेही डोलावत.

तिघं आत आली. बाळने पुस्तक मेजावर ठेवलं. नवी पाठ, नवे पुठ्ठे, आतली पानं जुनीच. पुस्तक आपोआप त्या पानावर उघडलं, कारण ते नुकतंच तिथे उघडलेलं होतं.

“तू पाहिलंस,” बाबा म्हणाले.

“बाइंडरला दिलंत ना.”

दादा काहीतरी बोलायला गेला, ताईने त्याच्या दंडावर हात ठेवला. बाबांनी हात मेजाखालून काढून पानावर ठेवले. पान फडफडायला लागलं.

“तुला मी पाळक व्हायला सेमिनरीत घालणार होतो,” ते म्हणाले. “तू मला न विचारता छापखान्यात गेलास. अकरा महिन्यांनी तुझा हात गेला. लोकांना वाटलं मला दुःख झालं, आणि झालंही. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. देवाने माझी बाजू घेतली, असं मला वाटलं.” ते थांबले. “मग हा अध्याय जवळ आला. आदल्या दिवशी मी तो वाचून ठेवला. पुढची वचनं वाचली असती तर तू प्रभूच्या मेजावर जेवायला आला असतास. मला तू यायला नको होतास. निदान त्या आठवड्यात तरी. मग एक आठवडा गेला की पुढचा जातोच.”

 बाबांना तिथे थांबता आलं नाही. महायाजकालाही लोकांसाठी अर्पण करण्याआधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करावा लागे, असं ते सांगायला लागले.

“प्रवचन नको, बाबा.” बाळचा आवाज चढला नव्हता. “एकतीस वर्षं मी खडीत उभा राहिलो. उन्हातही आणि पावसातही. मला वाटायचं मीच चिडका. तुम्ही ते उरलेलं वाचा. नेहमीसारखं. रेघेपर्यंत.”

“कुठल्या?”

“आजोबांच्या.”

वहिनी फुलं घेऊन दारात आली होती, ती तिथेच स्टुलावर बसली. बाकीचे मेजाभोवती बसले, प्रत्येकजण कुणी न सांगता आपापल्या जुन्या जागेवर. बाबांनी बाविसावं वचन वाचलं. देवाची भाकर त्याने खावी. मग तेविसावं, जे पुन्हा म्हणतं की पवित्रस्थानाच्या पडद्याजवळ मात्र त्याने जायचं नाही, कारण त्याला व्यंग आहे. तिथे ते अडखळले आणि बाळकडे पाहिलं.

“मला माहीत आहे ते,” बाळ म्हणाला. “पडद्याजवळ जायचं नव्हतं मला कधीच. वाचा.”

चोविसावं झालं. बाबा थांबले. आता बाळची पाळी होती, आणि सगळे वाट पाहत होते. सव्वाचार वाजले होते. गोळीची वेळ केव्हाच टळली होती आणि दादाचा पाय मेजाखाली हलत होता.

“आत्ता नाही,” बाळ म्हणाला. “आमेन मागून.”

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू, नीट विचार करून म्हणाले, “म्हणजे मी खाऊ शकतो. देऊ शकत नाही.”

ताई उठली ती इतक्या जोरात, की खुर्ची मागे पडली. तीस वर्षांत वॉर्डात तिचा आवाज कधी चढला नव्हता, आणि आताही ती ओरडली नाही. पण दात आवळून बोलली.

“ज्याच्या नावाने तुम्ही भाकर मोडता, बाबा, तो मेलेल्यांतून उठून आला तेव्हा त्याने पहिल्यांदा काय दाखवलं? हात. दोन्ही हातांना भोकं होती, आणि ती त्याने बुजवली नव्हती. त्याला तुम्ही महायाजक म्हणता. तुमच्या यादीप्रमाणे त्याला कुठे उभं करणार आहात? बाळबरोबर खडीत?”

 बाबांनी यावर बरेचदा प्रवचन दिलं होतं, भोकांवरही आणि यादीवरही. वेगवेगळ्या रविवारी.

मंडळीतले लवकर येणारे लोक खडीवरून चालायला लागले होते. बाबांनी दादाकडे हात पुढे केला आणि गोळी मागितली. आता घेऊन पाचला उपयोग नाही, तासाभराने गुण येतो, हेच मी तीन वाजल्यापासून सांगतोय, दादा कळवळून म्हणाला. तरी बाबांनी ती घेतली. मग त्यांनी बाळला विचारलं, की आज ताट तो धरेल का.

“नाही,” बाळ म्हणाला. “मी वाढायला आलेलो नाही. मला भूक लागलीय.”

*

दादाने ताट धरलं. एका हातात ताट, आणि पेला मेजावर, कारण वहिनीने बाहेर पडताना त्याला सांगितलं होतं, की दोन्ही एकदम धरून कुणावर उपकार करू नकोस. बाबांच्या अंगावर अर्धवट इस्त्रीचा झगा होता, डावी बाही कडक आणि उजवी चुरगळलेली.

भाकर दगड झाली होती. दोन तास खिडकीत उघडी पडली होती ती. बाबांना तुकडे मोडायला जोर लावावा लागत होता, आणि जोर लावला की हात आणखी थरथरत होते. चुरा ताटात पडत होता, दादाच्या बुटांवर पडत होता. पहिल्या रांगेतले लोक मेजापुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून तळवे पुढे करून बसले होते आणि वर न बघण्याचा प्रयत्न करत होते. दादा मनात मोजत होता, एका माणसाला नऊ सेकंद, म्हणजे सगळ्यांना एकवीस मिनिटं. मग त्याने मोजणं सोडलं. हात अजून सेकंदाला पाच वेळा हलत होता, आणि पाळक त्याच हाताने देत होता, आणि कुणाला भाकर कमी मिळाली नव्हती.

बाळ शेवटच्या बाकावर होता. लोक परतायला लागले तेव्हा दादाची नजर सवयीने दाराकडे गेली. दार उघडलं नाही. बाळ मधल्या वाटेने पुढे आला आणि कठड्यापाशी एकटा टेकला.

त्याने उजवा हात पुढे केला, अंगठा आणि करंगळी, मध्ये मोकळी जागा. त्याखाली डावा धरला. बाबांनी तुकडा मोडला. तो त्यांच्या बोटांतून उडाला आणि फरशीवर घरंगळला. दादा नकळत बाबांचं मनगट धरायला पुढे झाला. बाळने मान हलवून त्याला थांबवलं. बाबांनी दुसरा तुकडा मोडला. त्यांचा हात पुढे आला, हलत, आणि बाळचे दोन्ही तळवे त्याच्याबरोबर हलले, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, घाई न करता, तुकडा पडेपर्यंत. तो पडला. बाळने तो तोंडात टाकला आणि तिथेच टेकून राहिला.

बाबा कठड्याला धरून उभे राहिले आणि त्यांनी आशीर्वाद म्हटला. यावर एरवी सगळी मंडळी एका सुरात आमेन म्हणते. कुणी म्हणायच्या आत बाबांनी थरथरता हात वर केला. एकशे चाळीस माणसं थांबली. काय चाललंय हे त्यांना कळेना. दादाला कळलं, आणि ताईला. तिसऱ्या बाकावर तिने डोळे मिटून घेतले.

बाळ चावत होता. भाकर कडक होती आणि त्याचे दातही आता पूर्वीचे राहिले नव्हते. वहिनीने घड्याळ पाहिलं आणि मोठा उसासा सोडला. बाळने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि आणखी थोडं चावलं.

मग त्याने घास गिळला आणि आमेन म्हटलं, आणि सगळ्यांना उठता आलं.